कुंकू लावलेली सीडी

कोकणातली दहा माणसं मुंबईत एकत्र आली की अकरावं मंडळ निघतं. आमच्या गावाचंही आहे. घाटकोपरला भटवाडीच्या चढावर दहा बाय बाराची खोली आणि खोलीत गावच्या देवाची तसबीर, भजनाचे टाळ, समारंभाची मोठी पातेली. शिवाय माजी अध्यक्षांना दिलेली मानचिन्हं, जी त्यांच्या बायकांनी घरात घ्यायला नकार दिला म्हणून परत आली. गाव दोन वाड्यांचं, वरची आणि खालची. मधून एक वहाळ जातो. वहाळ मार्चमध्ये आटतो, भांडण मात्र बारमाही वाहतं. मी खालच्या वाडीचा.

दसरा होऊन चार दिवस झाले असतील, एका सोमवारी सकाळी या मंडळाच्या चिटणिसाचा मला फोन आला. हा माणूस वरच्या वाडीचा. तीस वर्षं चिटणीस आहे, कारण दुसरं कोणी व्हायला तयार नाही, आणि यालाच तो लोकप्रियता समजतो. आम्ही पंचवीस वर्षं एकमेकांशी बोललो नव्हतो. लग्नात समोरासमोर पान आलं तर मी मठ्ठ्याच्या वाटीत बघायचो आणि तो मांडवाच्या छताकडे.

"ओळखलंस काय रे?"

"नाही," मी म्हटलं. आवाज पहिल्या अक्षराला ओळखला होता.

"तुझी ती फाईल उघडत नाय."

पंचवीस वर्षांनी तोंड उघडलं आणि त्यातून हे पडलं. कसा आहेस, नाही. घरी सगळी बरी का, नाही. मी म्हटलं, फाईल माझी नाही, मंडळाची आहे, आणि मंडळात हुशार माणसांचा तोटा नाही हे तूच सभेत सांगितलं होतंस. फोन ठेवणारच होतो, तेवढ्यात तो म्हणाला, "रक्ताचं काम आहे रे. आमच्या पोरीचं."

पोर म्हणजे त्याच्या भावकीतल्या एकाची मुलगी, अंधेरीला दिलेली. नववा महिना, गर्भाची वार खाली सरकलेली, शुक्रवारी सिझेरियन ठरलेलं. रक्त बरंच जाऊ शकतं, दोन पिशव्या हाताशी ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. एरवी यात काही विशेष नाही. पण तिच्यासाठी आणलेलं ओ गटाचं रक्त एकदाही जुळेना, तेव्हा कळलं की तिचा गट ओ नाहीच. ज्याला बॉम्बे ब्लड ग्रुप म्हणतात तो आहे. साध्या तपासणीत तो ओसारखाच दिसतो, पण अशा माणसाला ओ चढवलं तर जीव जाऊ शकतो. त्याला त्याच्याच गटाचं रक्त लागतं आणि त्या गटाची माणसं शोधून सापडत नाहीत. पुण्याच्या एका स्वयंसेवी गटाने एक पिशवी कबूल केली होती. दुसरी कुठूनच मिळत नव्हती. आई, बाप, भाऊ, कोणाचंच जुळलं नव्हतं. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आवाहन टाकलं तर उत्तरादाखल जोडलेले हात आणि दोन गणपती आले.

"त्या रक्तगटाच्या शिबिरात असले तीन निघालेले ना? तूच सभेत बोललेलास. फाईलमध्ये असतील," तो म्हणाला.

होते. त्यातले दोन मला पाठ होते, दोघंही आमच्या वाडीचे. एक माझा चुलतभाऊ, तो मागेच वारला. दुसरी एक काकी, आता सत्तरीच्या पुढे, तिचं रक्त कोणी घेणार नाही. तिसरं माणूस वरच्या वाडीचं. त्याचं नाव मला सांगता येईना. शिबिराचे कागद वाळवीने केव्हाच खाल्ले होते. म्हणजे त्या पोरीची दुसरी पिशवी कोणाच्या अंगात आहे हे फक्त त्या फाइलीला ठाऊक होतं, आणि फाईल उघडत नव्हती.

ती का उघडत नव्हती हे मला न बघता ठाऊक होतं. कुलूप मीच घातलं होतं.

मी एका औषध कंपनीच्या संगणक विभागात होतो. त्या काळी गावाकडे डॉक्टरच्या खालोखाल आम्हालाच मान. कंपनीने मोडीत काढलेला एक संगणक मी मंडळाला मिळवून दिला आणि दोन वर्षं दर रविवारी मुलुंडहून जाऊन तो चढ चढलो. गावच्या एकूण एक मुंबईकर घराची नोंद केली. कोण, कुठे राहतो, काय करतो, मुलं किती, रक्तगट कोणता. रक्तगटासाठी शिबिर भरवलं. या दोन वर्षांत मला मंडळाकडून काय मिळालं? चहा. तोही पुष्कळदा मीच मागवलेला.

काम चालू असतानाच वाड्यांची कुरबूर सुरू झाली. वरचीला भीती, खालची आपल्या नोंदी बदलेल. खालचीला भीती, वरची आपल्या नोंदी वाचेल. नोंदीत होतं काय? कोण भांडुपला राहतो आणि कोणाला दोन मुली आहेत. पण हे आमच्या लोकांना संरक्षण खात्याचं गुपित वाटत होतं. शेवटी मी फाइलीला परवानग्या लावल्या. प्रत्येक वाडीला वेगळं नाव आणि पासवर्ड. आपल्या वाडीचं दिसेल, दुसरीचं दिसणार नाही. कोणाला आत घ्यायचं आणि त्याचा पासवर्ड काय, हे एका वेगळ्या छोट्या फाइलीत असतं. ती छोटी फाईल म्हणजे चावी. ती शेजारी नसेल तर मोठी फाईल कोणालाच ओळखत नाही, ब्रह्मदेव आला तरी त्याला परवानगी नाही म्हणून सांगते.

मग कुटुंब परिचय पुस्तिका छापायची टूम निघाली. मी यादी आडनावाच्या आद्याक्षरांप्रमाणे लावली आणि छापून आणली. पहिल्या पानावर आमच्या वाडीचं आडनाव आलं, वरच्या वाडीचं अकराव्या पानावर गेलं. आणि आमच्या गावात शिमग्याची पालखी पहिली वरच्या वाडीत जाते. पहिला मान त्यांचा, खापरपणजोबापासून. सर्वसाधारण सभेत हा चिटणीस पुस्तिका हातात उंच धरून उभा राहिला.

"पालखी पयली खंय जाता? आणि पुस्तकात पयले कोण? ह्यां हेणी मुद्दाम केल्यान."

मी म्हटलं, संगणकाला अक्षरं कळतात, मान कळत नाही.

"मगे तुका तरी कळाक होया हुता," तो म्हणाला, आणि टाळ्या पडल्या. माझ्या वाडीतल्या दोघांनीसुद्धा वाजवल्या. मी ओरडून सांगितलं, या यादीत दुर्मीळ रक्तगटाची तीन माणसं आहेत, उद्या कोणाचा तरी जीव वाचेल, आणि तुम्ही पानं कसली मोजताय? ऐकायला कोणी नव्हतं. सभा पुढच्या विषयावर गेली होती, तो विषय सत्यनारायणाला केळी किती डझन हा होता.

मी राजीनामा दिला. देण्याआधी संगणकासमोर बसलो आणि दोन्ही वाड्यांच्या सगळ्या परवानग्या काढल्या. बदलायची तर काढलीच, नुसती बघायचीही काढली. परवानगी फक्त माझ्या नावाला ठेवली. चावीची फाईल एका सीडीवर घेतली, संगणकावरून पुसली, आणि सीडी या चिटणिसाच्या हातात देऊन म्हटलं, महत्त्वाची आहे, जपून ठेवा. वापरायची कशी ते सांगितलं नाही. येतील नाक घासत, असा माझा हिशेब.

आले नाहीत. पंचवीस वर्षं कोणी आलं नाही. त्या फाइलीवाचून मंडळाचं काहीही अडलं नाही. निवडणुका झाल्या, शाली पांघरल्या गेल्या, देवळाच्या जीर्णोद्धाराचे फलक लागले, आणि दोन वर्षं घाम गाळून केलेलं माझं काम एका कोपऱ्यात कुलूपबंद पडून राहिलं. याचा राग मला सभेतल्या टाळ्यांपेक्षा जास्त होता. पण तो कोणाला बोलून दाखवणार? कोणी विचारत नाही म्हणून रागावलोय, असं म्हणायला तोंड लागतं.

फोन ठेवला तेव्हा बायको भाजी निवडत होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"जावा," ती म्हणाली. "तोंड हयच ठेवा, डोक्या तेवढा न्हेवा."

दुपारी घाटकोपरला गेलो. खोलीत चिटणीस होता आणि त्याचा जावई. जावई पवईला कुठल्याशा मोठ्या कंपनीत आहे. त्याच्या पाठीवर कंपनीची पिशवी होती, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र होतं, रजेच्या दिवशीसुद्धा. मला अंकल म्हणाला. दोन दिवस तो त्या फाइलीशी झटत होता. पहिला दिवस नुसता यात गेला की आजचा प्रोग्रॅम इतकी जुनी फाईल ओळखायलाच तयार नव्हता. मग त्याने कुठूनतरी मधल्या काळातला प्रोग्रॅम पैदा केला. त्यात उघडली तर पाटी आली की आपल्याला ही फाईल वापरायची परवानगी नाही, आपल्या ॲडमिनला भेटा.

"पण अंकल, मीच ॲडमिन आहे ना," तो म्हणाला. हे तो मला तीनदा म्हणाला, दर वेळी थोड्या मोठ्या आवाजात.

मग त्याने काय केलं ते सांगायला लागला. फाइलीवर उजवं बटण दाबून सगळ्यांना सगळे अधिकार दिले. फोल्डरची मालकी आपल्या नावावर करून घेतली. प्रोग्रॅम ॲडमिन म्हणून चालवून पाहिला. फाईल एका ड्राइव्हवरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून पेनड्राइव्हवर आणि तिथून परत पहिल्यावर नेली, जणू हवापालट केला की ती सुधारेल. मी त्याला सांगितलं, बाबा रे, हे अधिकार तुझ्या लॅपटॉपचे आहेत. ही परवानगी फाइलीच्या पोटातली आहे. सोसायटीचं फाटक उघडलं म्हणून तिसऱ्या मजल्यावरचं घर उघडत नाही.

"अंकल, हे लेगसी आहे. याला आता सपोर्ट नाही."

"मलाही नाही," मी म्हटलं, आणि चिटणिसाकडे सीडी मागितली.

चिटणिसाने चपला काढल्या.

मला वाटलं स्टुलावर चढणार असेल. तो गेला देवाच्या तसबिरीकडे. हात जोडले, तसबिरीमागून एक लाल कापडाची गुंडाळी काढली, दोन्ही हातांवर घेऊन आला आणि माझ्यासमोर उलगडली. आत माझी सीडी होती. तिच्या चकचकीत बाजूवर कुंकवाची पाच बोटं उठली होती. त्याखाली हळद, हळदीखाली जुनं काळपट झालेलं कुंकू, आणि मधल्या भोकाभोवती वाळून चिकटलेल्या अक्षता.

"दर दसऱ्याक पूजा करतंव," तो म्हणाला. त्याच्या आवाजात अभिमान होता. "जपून ठेव म्हणालास ना? एक दसरा चुकवूक नाय."

"या बाजूला?"

"मगे? त्या बाजूक तुझी अक्षरां हत. ती पुसली असती."

माझ्या हस्ताक्षरातलं मंडळाचं नाव शाबूत राहावं म्हणून या माणसाने पंचवीस वर्षं सीडी उताणी ठेवून, जिथे सगळी माहिती असते नेमक्या त्याच बाजूला हळदकुंकू वाहिलं होतं. मी त्याला जे बोललो ते इथे लिहीत नाही. बायकोने घरी ठेवायला सांगितलेलं तोंड मी बरोबर नेलं होतं आणि त्याचा पुरेपूर वापर केला. जावई मोबाइलमध्ये डोकं घालून बसला. चिटणीस ऐकत राहिला. माझा श्वास संपला तेव्हा तो एवढंच म्हणाला, "शुक्रवारी पोरगी आत जातली रे. बोल, आता काय करूचा?"

जावयाच्या लॅपटॉपला सीडी घालायला जागा नव्हती. आता कोणाच्याच नसते. माझा निवृत्तीच्या वेळचा संगणक घरी माळ्यावर होता. त्याच्यात सीडीचा ड्राइव्ह होता आणि त्या काळचा प्रोग्रॅमही. बायको तो भंगारवाल्याला द्यायच्या मागे दहा वर्षं होती. मी चिटणिसाला म्हटलं, उद्या सकाळी मुलुंडला ये. एकटा ये.

मंगळवारी तो आला तो सीडी स्टीलच्या डब्यात घालून, डबा छातीशी धरून. मी माळ्यावर चढलो, त्याने खालून संगणक उतरवून घेतला. दोन म्हातारे, एक शिडी, आणि धुळीने दोघांना शिंका. संगणक सुरू व्हायला एवढा वेळ लागला की मधल्या वेळात चहा झाला. सीडी मी कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकून धुतली, मधून कडेकडे, जुन्या मऊ धोतराच्या फडक्याने. हळद गेली. कुंकवाचा डाग गेला पण त्याखाली चरे होते, अक्षता घासून पडलेले. चिटणीस माझ्या हाताकडे एकटक बघत होता. त्या क्षणी मला कळलं की हा घाबरलाय. आपण पूजा केली म्हणून पोर जाईल, असं याला वाटतंय. मला त्याची कीव यायला हवी होती. मला बरं वाटलं. खोटं का बोलू?

ड्राइव्हने सीडी आत घेतली आणि खर्र खर्र करायला लागला. पहिल्यांदा म्हणाला, रिकामी आहे. दुसऱ्यांदा म्हणाला, वाचता येत नाही. काढली, पुसली, घातली. पाचव्या वेळेला फाइलीचं नाव दिसलं आणि मी श्वास रोखून ती संगणकावर उतरवली. चावी मिळाली. मोठी फाईल जावयाच्या पेनड्राइव्हवरून घेतली, चावी शेजारी ठेवली, प्रोग्रॅमला चावी दाखवली आणि उघडायला गेलो.

परवानगी नाही.

तासभर मी त्या पाटीशी झगडलो. चिटणीस पाठीमागे खुर्चीवर बसून होता. मी दोनदा सगळं पहिल्यापासून केलं. जावयाला काल मी जेवढं तुच्छ लेखलं होतं तेवढ्याच कसोशीने मी त्याच्यासारखंच आंधळेपणाने हे दाब, ते दाब करत होतो. मग डोक्यात प्रकाश पडला. सीडीवरून उतरवलेल्या फाइलीला 'फक्त वाचा' असा शिक्का चिकटून येतो. चावीच्या फाइलीला उघडताना स्वतःत काहीबाही लिहावं लागतं, आणि शिक्का तिला लिहू देत नव्हता. नव्या मुलांना आम्ही हे शिकवायचो. एक खूण होती, ती काढली. हे आठवायला मला, ज्याने हयात यात घालवली त्याला, एक तास लागला.

आता पाटी आली ती नाव आणि पासवर्ड विचारणारी. नाव माझं टाकलं. पासवर्डशी येऊन थांबलो.

पासवर्ड मला आठवत होता. त्या रविवारी रागाच्या भरात ठेवलेला, इंग्रजी अक्षरांत, सलग: चिटणीस गाढव. पडद्यावर नुसते तारे उमटतात, पण माझी नजर अधू आणि मी एका बोटाने टाइप करतो. त्याची खुर्ची माझ्या खांद्यामागे. मी शरीर आडवं धरायचा प्रयत्न केला. मग म्हटलं, जाऊ दे, आणि एकेक अक्षर शोधून दाबत गेलो. शेवटी इंग्रजी व्ही सापडेना.

"खालच्या वळीत," तो मागून म्हणाला. "मधे."

मी व्ही दाबला. कान तापले होते.

फाईल उघडली. सगळं जसंच्या तसं होतं, दोन्ही वाड्या, सात आकडी फोन नंबर, आता नसलेल्या चाळींचे पत्ते. मेलेली माणसं तिथे बत्तीस-पस्तीस वर्षांची होती. मी रक्तगटाच्या रकान्यावर चाळणी लावली. तीन ओळी राहिल्या. माझा चुलतभाऊ. काकी. आणि तिसरी.

मी ती वाचली आणि पुन्हा वाचली.

"कोण रे?" त्याचा चष्मा वर कपाळावर होता. "हयात हा ना? वाच ना."

मला वाचता येईना. मी पडद्यावर बोट ठेवलं. त्याने चष्मा खाली ओढला, माझ्या खांद्याला धरून पुढे वाकला, आडनाव वाचलं, मग नाव, मग बापाचं नाव, मग भटवाडीतला खोली नंबर.

"ह्यो मीच मां," तो म्हणाला.

बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. मग तो खुर्चीवरून उठला आणि चपला शोधायला लागला. "चल रे. खंय जाऊचा ता सांग. आत्ताच देतंय." बायकोने त्याला हाताला धरून बसवलं आणि आधी जेवायला वाढलं.

बुधवारी सकाळी मी त्याला अंधेरीच्या रक्तपेढीत घेऊन गेलो. त्यांनी आधी तपासलं. गट खरा निघाला. वय साठ, दाब थोडा वर, पण चालेल म्हणाले. कॉटवर पडून हातातला रबरी चेंडू दाबत तो त्या नर्सला आमच्या गावच्या शिमग्याची हकीकत सांगत होता. मधेच म्हणाला, "दहा वर्षांमागे माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं. तेव्हा ओच्या दोन पिशव्या आणून ठेवल्या होत्या डॉक्टरने. लागल्या नाहीत."

नर्सचा हात थांबला. "लागल्या नाहीत ते बरं झालं, काका," ती म्हणाली. "जुळवून न बघता चढवल्या असत्या तर गेला असता तुम्ही."

तो हसला. मला हसू आलं नाही. मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

शुक्रवारी पुण्याची पिशवी पहिल्यांदा चढवली, ती पुरली नाही. मग त्याची लागली. मुलगी झाली. आई सुखरूप आहे, असं आत जाऊन आलेल्या तिच्या सासूने सांगितलं आणि बाहेर वरच्या वाडीची जी दहा-पंधरा माणसं जमली होती ती एकदम बोलायला लागली. एकाने पेढ्यांचा पुडा फोडला. दुसरा मोबाइलवर मंडळाच्या नावाने अभिनंदनाचा फलक तयार करत होता, त्यात अध्यक्षांचा फोटो मोठा, चिटणिसाचा लहान, आणि बाळाचा नव्हताच. त्या फलकावर कोणाचं नाव आधी यावं यावरून तिथेच, ऑपरेशन थिएटरच्या दारात, दोघांची जुंपली. मी मनात म्हटलं, यांच्यासाठी मी दोन वर्षं चढ चढलो.

चिटणीस त्यांच्यात नव्हता. जिन्याजवळच्या बाकावर बसला होता, हाताला अजून चिकटपट्टी. मी शेजारी बसलो. रक्तपेढीने त्याला गटाचं कार्ड दिलं होतं. ते तो पुन्हा पुन्हा खिशातून काढून वाचत होता आणि परत ठेवत होता.

"तुमच्या वाडीच्या दोघांक तू तेवाच सांगितलंस ना?" त्याने विचारलं. "तुझ्या भावाक, त्या काकीक?"

"हो. शिबिरातल्या डॉक्टरने बजावलं होतं. यांना कधी ओ देऊ नका, यांना सांगून ठेवा म्हणून."

"आणि तिसऱ्याक?"

डॉक्टरने मला नावं दिली नव्हती, शिबिरातले तीन नंबर दिले होते. पहिले दोन मी काढून बघितले. तिसऱ्या नंबरापुढे वरची वाडी असं दिसलं. त्यासमोर गट टाइप केला आणि पुढे गेलो. डॉक्टरचा निरोप सभेआधीच आला होता, पण नोंदी करायला बसलो तेव्हा सभा होऊन तीनच दिवस झाले होते. येऊ दे त्यांना नाक घासत, मग सांगेन, असं ठरवलं होतं. तिसरं नाव मी विसरलो नव्हतो. ते मी वाचलंच नव्हतं.

हे मी त्याला सांगितलं. सगळं सांगितलं, डॉक्टरच्या शब्दांसकट.

त्याने कार्ड परत खिशात ठेवलं. तिकडे फलकावरचं भांडण मिटलं होतं, कोणीतरी पेढा घेऊन आमच्याकडे येत होतं.

"वाचलं असतंस," तो म्हणाला, "तर सांगितलं असतंस?"

"हो," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे बघितलं, मग मान हलवली आणि माझ्यासाठी सरकून बाकावर आणखी थोडी जागा केली. मी खोटं बोललो होतो, आणि ते त्याला कळलं होतं.